उतरण्याआधीचा फॉर्म

सोयाबीनची रास घरात आली आणि हरभऱ्याची पेरणी आटोपली की वाशीम जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर वेगळीच लगबग सुरू होते. बियाणं, खतं, औषधं विकणाऱ्या कंपन्या टार्गेट पूर्ण करणाऱ्या दुकानदारांना टूरवर नेतात. कधी थायलंड, कधी बाली, कधी दुबई. रिसोड, मालेगाव, मानोऱ्याहून परदेशी जाणाऱ्यांचा हा चांगला मोठा गट आहे, पण परदेशप्रवासावरच्या आपल्या लेखनात तो कधी दिसत नाही. तिथे पुण्या-मुंबईची आयटीतली मुलं असतात, नाहीतर युरोप पाहून आलेले निवृत्त अधिकारी असतात. कपाशीवरच्या बोंडअळीचं औषध वर्षभर विकून बँकॉकला निघालेला माणूस आपल्या लेखनात यायला हवा. गेल्या काही वर्षांत जगातल्या विमानतळांवर जो मोठा बदल झाला, त्याचा पहिला धक्का त्यालाच बसतो.

बदल असा. पूर्वी विमान उतरायच्या अर्धा तास आधी हवाई सुंदरी एक कार्ड वाटायची. शेजाऱ्याकडून पेन मागायचं, पासपोर्ट मांडीवर उघडायचा आणि नाव, विमानाचा नंबर, हॉटेलचा पत्ता लिहायचा. आता ते कार्ड मोबाईलवर गेलं, आणि ते भरण्याची वेळही बदलली. थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं केलं. तिथे पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते भरायचं. मलेशियाने १ जानेवारी २०२४ पासूनच तशी सक्ती केली होती, तिथेही मुदत तीन दिवसांचीच. सिंगापूरचंही असंच आहे. इंडोनेशियाने १ ऑक्टोबर २०२५ पासून आरोग्य, कस्टम्स आणि आगमन यांची माहिती एकाच फॉर्ममध्ये घ्यायला सुरुवात केली. त्याचं नाव ‘ऑल इंडोनेशिया’.

म्हणजे महिनाभर आधी बॅग भरून ठेवणाऱ्या माणसाला हा फॉर्म महिनाभर आधी भरता येत नाही. तो भरायचा ते दिवस नेमके धावपळीचे असतात. दुकान भावाकडे सोपवायचं असतं, गावातून वाशीम किंवा अकोला गाठायचं असतं, तिथून नागपूर नाहीतर मुंबई. टूरला ट्रॅव्हल एजंट असतो आणि बहुतेक वेळा सगळ्या गटाचे फॉर्म तोच भरतो. पण नावात चूक राहिली तर काउंटरसमोर उभं राहावं लागतं ते ज्याचा पासपोर्ट आहे त्याला.

नावाची अडचण महाराष्ट्रात जरा जास्तच आहे. आपली रीत स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव अशी. पासपोर्टमध्ये पहिली दोन नावं बहुधा एकाच रकान्यात एकत्र बसतात आणि आडनाव वेगळं पडतं. परदेशी फॉर्मात नावाचे कधी दोन रकाने असतात, कधी तीन. तिकिटावर एजंटने फक्त पहिलं नाव घातलेलं असतं. आधारवर ‘राव’ किंवा ‘बाई’ लागलेलं असतं, शाळेच्या दाखल्यावर नसतं. लग्न झालेल्या बाईचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. अशा वेळी एकच नियम धरून चालावं: पासपोर्टमध्ये अक्षर न् अक्षर जसं आहे तसंच सगळीकडे. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर प्रवास ठरवण्याआधी तो भरून घ्यावा. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा कितीतरी भारतीयांना हे विमानतळावर कळलं.

दुसरी अडचण पैशांची, आणि ती मला जास्त संतापजनक वाटते. वर सांगितलेली चारही आगमन कार्डं फुकट आहेत. त्या त्या देशाचं सरकार त्यासाठी एक रुपयाही घेत नाही. पण इंटरनेटवर शोधलं की वरच्या जागा जाहिरातींनी अडवलेल्या असतात. सरकारी वाटतील अशी नावं, झेंडे, शिक्के लावलेली संकेतस्थळं तोच फॉर्म भरून देण्याचे हजारो रुपये मागतात. पैसे गेले ते गेलेच, शिवाय पासपोर्टचा फोटो, जन्मतारीख, बँकेच्या कार्डाचा नंबर अनोळखी माणसाच्या हाती पडतो. ओळखायची खूण एवढीच, की पत्त्याच्या शेवटी सरकारी खूण आहे का ते पाहायचं. भारताच्या पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ असतं, थायलंडच्या पत्त्यात ‘गो डॉट टीएच’, सिंगापूरच्या पत्त्यात ‘जीओव्ही डॉट एसजी’. महा ई-सेवा केंद्र किंवा झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा फॉर्म भरून देतो तेव्हा त्याने त्याच्या मेहनतीचे पैसे घ्यावेत, ते रास्तच आहे. मात्र तो सरकारी फी म्हणून पावती दाखवू लागला तर थांबावं.

सगळ्यात मोठा गोंधळ तीन वेगळ्या गोष्टी एक समजण्यातून होतो. व्हिसा म्हणजे त्या देशात येण्याची परवानगी. काही देश व्हिसा न मागता आधी ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतात, ती निराळी गोष्ट. आणि आगमन कार्ड म्हणजे फक्त माहिती: मी कोण, कधी येतो, कुठे उतरणार. कार्ड भरलं म्हणून व्हिसा मिळत नाही आणि व्हिसा आहे म्हणून कार्ड चुकत नाही. २०२५ मध्ये थायलंड, मलेशियाला आपल्याला छोट्या सहलीसाठी व्हिसा लागत नव्हता, सिंगापूरला लागत होता. कार्ड तिन्हीकडे लागतं.

याच रांगेत एखादा जर्मन पर्यटक उभा असतो. त्याच्याकडूनही थायलंड तेच कार्ड भरून घेतो, त्याच तीन दिवसांत, त्याच रकान्यांत. जर्मन पासपोर्ट जगातल्या सर्वांत वजनदार पासपोर्टांपैकी एक आहे, तरी गेल्या काही वर्षांत त्याच्याही वाटेवर ऑनलाइन फाटकं वाढली आहेत. ब्रिटनला जायचं तर २ एप्रिल २०२५ पासून जर्मन माणसाला आधी इलेक्ट्रॉनिक परवानगी काढावी लागते, आणि आठवडाभरातच, ९ एप्रिलला, तिची फी १० पौंडांवरून १६ पौंड झाली. अमेरिकेच्या तशाच परवानगीची फी ३० सप्टेंबर २०२५ पासून २१ डॉलरवरून ४० डॉलरवर गेली. म्हणजे फॉर्मच्या बाबतीत जग थोडं सारखं झालंय. फरक आहे तो फॉर्मच्या आधीच्या वाटेचा, आणि तो दोन्ही बाजूंनी चालून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

आधी तिकडून इकडे येऊ. जर्मन माणसाने वाशीम जिल्ह्यात का यावं, असं कुणी विचारलं तर कारंजा लाड हे उत्तर पुरेसं आहे. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव. इथल्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या मुनिपरंपरांच्या जैन मंदिरांनी शेकडो वर्षं हस्तलिखितं सांभाळली. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध केली, आणि कारंज्याचे ग्रंथभांडार जगापुढे आले. पुढे अमरावतीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश भाषेतली काव्यं छापली. पुष्पदंत हा त्यातला मोठा कवी. त्याच पुष्पदंताच्या महापुराणातला हरिवंशाचा भाग लुडविग आल्सडोर्फ या जर्मन पंडिताने १९३६ साली हॅम्बुर्गमधून संपादित करून काढला. वऱ्हाडातल्या एका गावाची आणि हॅम्बुर्गची गाठ अशी एका कवीपाशी पडते. शिवाय शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर पाहायला जगभरचे भूशास्त्रज्ञ येतात, आणि तिथून वाशीम जिल्ह्याची हद्द जवळच आहे.

तर असा एखादा अभ्यासक कारंज्याला यायला निघाला. भारताचा ई-व्हिसा २७ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाला तेव्हा पहिल्या ४३ देशांत जर्मनी होता. पर्यटक म्हणून येणार असेल तर त्याला घरबसल्या पासपोर्टचं पान आणि फोटो चढवून, कार्डाने फी भरून परवानगी मिळते. कुठल्या कार्यालयात जावं लागत नाही, बँकेचं पासबुक दाखवावं लागत नाही. ई-व्हिसावर उतरता येणाऱ्या विमानतळांत नागपूरही आहे. पूर्वी विमानात मिळणारं कागदी कार्डही आता नेटवर आलं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी भारताचं ई-आगमन कार्ड सुरू झालं. येण्याआधीच्या ७२ तासांत भरायचं, फुकट, कुठलाही कागद न जोडता. सुरुवातीला कागदी कार्डाची सोयही ठेवली होती.

भारतीय माणसाला स्वतःच्या देशात परतताना हे कार्ड लागत नाही. परत येतानाचं कार्ड १ मार्च २०१४ पासून बंद झालं आणि जातानाचं १ जुलै २०१७ पासून. मधे कोविडच्या काळात ‘एअर सुविधा’ नावाचा ऑनलाइन फॉर्म सगळ्यांनाच भरावा लागे, तो २२ नोव्हेंबर २०२२ ला थांबला. त्या फॉर्मची धास्ती मात्र लोकांच्या मनात राहिली, आणि ‘परत येताना भारताचा फॉर्म भरावा लागतो’ असं सांगून पैसे उकळणारे आजही भेटतात. भारतीय पासपोर्टवर परत येणाऱ्याने हा खर्च करू नये.

पाहुणा नागपूरहून समृद्धी महामार्गाने कारंज्यात पोहोचला. आता एक फॉर्म यजमानाचा आहे आणि तो गावाकडे फार थोड्यांना माहीत असतो. परदेशी नागरिक ज्याच्याकडे मुक्कामाला उतरतो त्याने २४ तासांच्या आत त्याची नोंद ऑनलाइन करायची असते. हॉटेलवाल्यांना ‘सी-फॉर्म’ म्हणून ती ठाऊक आहे. पण नियम धर्मशाळेला, होस्टेलला आणि घरालाही लागू आहे. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला, पण यजमानाची ही जबाबदारी कायम आहे. जिल्ह्यात याचं काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. मुलीच्या लग्नाला तिचा जर्मन ऑफिसमित्र आला, त्याला मोठ्या मायेने घरच्याच खोलीत उतरवला, पुरणपोळी वाढली, पण नोंदीचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं, असं सहज घडतं. लग्नाची तारीख ठरली की पत्रिका छापतानाच एकदा अधीक्षक कार्यालयात विचारून यावं. आयत्या वेळी, वरात दारात असताना, हे काम होत नाही.

जर्मनीतही नोंद चुकत नाही, फक्त तिथे ती राहायला येणाऱ्याने करायची असते. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा, आणि घरमालकाने लेखी द्यायचं की हा माणूस माझ्याकडे राहतो. ती नोंद नसेल तर पुढची बरीच कामं अडून बसतात.

आणि हे आता वाशीमच्या घरांना कळायला हवं, कारण मुलं तिकडे निघाली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिलं उद्दिष्ट १० हजार तरुणांचं. नर्स, प्रयोगशाळा सहायक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, हॉटेलातले कामगार. जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाचा भार सरकारने उचलायचा ठरवलं आणि शिक्षण विभागाकडे जबाबदारी दिली. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या वाशीमसारख्या जिल्ह्यात, जिथे १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळं झाल्यापासून मोठा उद्योग म्हणावा असा फारसा आला नाही, तिथे या बातमीने किती घरांत रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं असेल ते सांगायला नको. पण भाषेचा वर्ग सुरू होणं आणि विमानात बसणं यांच्या मध्ये कागदांचं मोठं रान आहे, आणि त्या रानाची माहिती घोषणेबरोबर गावात पोहोचली नाही. माझी या योजनेविषयीची खरी तक्रार हीच आहे.

शिकायला जाणाऱ्याचंच पाहा. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाच्या अर्जाआधी शैक्षणिक कागदपत्रं तपासून घेतल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं. वर्षभराच्या खर्चाची तरतूद दाखवायला ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या घरातली रक्कम. ती महिन्याला ९९२ युरो अशी सुटते. पाच एकर कोरडवाहू असलेल्या घरात एवढी रक्कम एकरकमी कुठून येते याचं उत्तर बँकेच्या कर्जात आणि तारण जमिनीत असतं. तरीही मुलं जातात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ४९ हजारांवर गेली आणि परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय सर्वांत जास्त झाले. १ जानेवारी २०२५ पासून जर्मनीने दीर्घ मुदतीच्या व्हिसांचे अर्ज जगभर ऑनलाइन केले. अर्ज घरून भरता येतो हे खरं, पण बोटांचे ठसे द्यायला आणि मूळ कागद दाखवायला जावंच लागतं.

जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला यांचीही एक गोम आहे. परदेशी वापरायच्या कागदावर भारत सरकारचा ‘अपॉस्टिल’ शिक्का मारून घ्यावा, असं एजंट सांगतात, आणि बऱ्याच देशांसाठी ते बरोबरही आहे. भारत अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ साली सामील झाला. पण जर्मनीने भारताच्या सामील होण्याला हरकत घेतली, म्हणून जर्मनीत भारताचा अपॉस्टिल चालत नाही. त्यांच्या दूतावासाची कागद पडताळण्याची पद्धत वेगळी आहे. जर्मनीसाठी अपॉस्टिलचे पैसे कुणी मागत असेल तर आधी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं.

जर्मनीची दारं कागदांनी ठोठावणारे आपण पहिले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केला, तेव्हा स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत आपला जीवनवृत्तांत लिहून दिला होता. तो कागद बॉन विद्यापीठाच्या अभिलेखागारात आजही आहे. जर्मनच्या वर्गाला बसणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामुलीला पहिल्याच दिवशी त्याची प्रत दाखवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मुलगी तिकडे रुळली की आई-बाबांना बोलावते. तिचा व्हिसा दीर्घ मुदतीचा, यांचा शेंजेन, छोट्या मुक्कामाचा. त्याची फी जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो. किमान ३० हजार युरोंचा प्रवासी विमा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीनंतर आणखी तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या २९ देशांच्या सीमेवर नवी व्यवस्था टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी संगणकात नोंद, चेहऱ्याचा फोटो आणि, व्हिसाच्या वेळी आधीच घेतले नसतील तर, बोटांचे ठसे. मुलीला निवास परवाना असल्यामुळे ही नोंद लागत नाही, आई-बाबांना लागते. किती दिवस राहिलात ते आता शिक्क्यांवरून मोजायचं काम उरलं नाही, १८० दिवसांतले ९० दिवस यंत्रच मोजतं. परतीचं तिकीट पुढे ढकलून नातवाच्या बारशापर्यंत थांबू, असं करता येणार नाही.

बोटांच्या ठशांचं आमच्याकडे वेगळंच दुखणं आहे. जन्मभर विळा, खुरपं, कपाशीची बोंडं हाताळलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात. रेशनच्या दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा उठत नाही म्हणून परत फिरलेली म्हातारी माणसं आपण प्रत्येकाने पाहिली आहेत. तीच बोटं आता व्हिसाच्या अर्जावेळी काचेवर ठेवायची आहेत. युरोपच्या नियमात याची सोय आहे: ठसे देणं शारीरिकदृष्ट्या शक्यच नसेल तर त्यावाचून नोंद होते. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेतच नाहीत. पण ही सोय आहे हे आईला ठाऊक हवं, नाहीतर यंत्राने तीनदा नाही म्हटलं की तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

जर्मन प्रवाशाला या सगळ्यात एक मोठा आधार आहे, आणि तो पासपोर्टइतकाच मोलाचा आहे. त्याच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर देशोदेशीची पानं आहेत, त्याच्याच भाषेत. कुठे व्हिसा, कुठे कार्ड, किती दिवस आधी, फी किती, लहान मुलांचं काय. बदल झाला की पान बदलतं. जिथे जातोय तिथल्यासाठी आपलं नाव नोंदवून ठेवायची सोयही आहे, म्हणजे संकटात दूतावास त्याला शोधू शकतो. मराठीत असं एकही पान नाही. आपल्या कृषी विभागाची शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्यांची योजना आहे, तीत युरोपचा दौरा असतो आणि ठरावीक मर्यादेपर्यंत निम्मा खर्च सरकार देतं. अर्जाला सातबारा, आठ-अ आणि पासपोर्ट जोडायला सांगतात. पण पुढच्या फाटकांविषयी माहिती विचारायची ती एजंटलाच.

आणि तरी, मदत कशी करावी हे आपल्याच जिल्ह्याला माहीत आहे. मंगरुळपीर, कारंजा, रिसोड, वाशीमहून दरवर्षी हजला जाणारी माणसं पाहा. त्यांच्यात कितीतरी जण पहिल्यांदाच विमानात बसतात. अर्ज ऑनलाइन, मोबाईलमध्ये ‘हज सुविधा’ ॲप, सौदी अरबची ‘नुसुक’ व्यवस्था, मेंदूज्वराची लस, नागपूरहून उड्डाण. कागदांचं रान हेही काही कमी दाट नाही. पण हज कमिटीने नेमलेले प्रशिक्षक असतात, जिल्ह्याजिल्ह्यात शिबिरं होतात, सरकारी दवाखान्यात लसीकरण होतं, आधी जाऊन आलेला माणूस नवख्याला उर्दूत किंवा मराठीत समजावून सांगतो. सत्तर वर्षांची बाई ॲप उघडून आपली माहिती दाखवू शकते, कारण कुणीतरी शेजारी बसून तिला शिकवलेलं असतं.

हेच मॉडेल जर्मनीच्या भाषावर्गांना जोडता येईल, शेतकऱ्यांच्या दौऱ्यांना जोडता येईल. प्रत्येक तालुक्याच्या सेतू केंद्रात एक प्रशिक्षित माणूस, मराठीतला एक कागद, दर तीन महिन्यांनी तपासलेला. त्यात प्रत्येक देशाचा खरा पत्ता, खरी फी, भरायची मुदत. आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाने परदेशी पाहुण्याच्या नोंदीची माहिती मराठीत छापून मंगल कार्यालयांत लावावी. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते, त्याआधी हे व्हावं.